ताप, ताठलेली मान आणि हातातून जाणारे तास

गर्दनतोड बुखार. आपल्या मोहल्ल्यांतली वयस्कर माणसं मेनिंजायटिसला अजूनही याच नावाने ओळखतात. मराठीत त्याला मेंदूज्वर म्हणतात आणि जुन्या युनानी ग्रंथांत तो ‘सरसाम’ या नावाने येतो. हा फारसी शब्द आहे: सर म्हणजे डोकं, साम म्हणजे सूज. इब्न सिनाने साधारण हजार वर्षांपूर्वी आपल्या वैद्यकग्रंथात या दुखण्याची चर्चा केली आहे. म्हणजे हा आजार आपल्या परंपरेला अनोळखी नाही. एवढी जुनी ओळख असूनही ताप डोक्यात चढला की आपल्या अनेक घरांत पहिला दिवस नजर काढण्यात, दम केलेलं पाणी पाजण्यात किंवा ‘अब्बू कामावरून आले की नेऊ’ या वाक्यात जातो. या आजारात तोच दिवस सर्वांत महत्त्वाचा असतो.

मी डॉक्टर नाही. पण चळवळीच्या कामामुळे उमराला निघालेल्या कुटुंबांचे फोन मला येतात. त्यातला एक प्रश्न वरचेवर कानावर पडतो: ‘सुई न घेता नुसतं सर्टिफिकेट मिळेल का?’ हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. आणि तो तरुण वाचकांसाठी आहे, कारण घरातले फॉर्म तुम्हीच भरता, औषधाच्या चिठ्ठ्या तुम्हीच वाचता, आणि रात्री दोन वाजता आजारी माणसाला न्यायचं की थांबायचं हे ठरताना अम्मी तुमच्याच तोंडाकडे पाहते.

आधी आजार समजून घेऊ. मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू यांच्याभोवती तीन आवरणं असतात. त्यांच्यात पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळत असतो, मोठ्या माणसात साधारण १५० मिलिलीटर. या आवरणांना सूज आली की तो मेनिंजायटिस. खुद्द मेंदूलाच सूज आली तर एन्सेफलायटिस. मराठीत दोन्हींना ढोबळपणे मेंदूज्वरच म्हणतात, म्हणून गोंधळ होतो. कधी मेंदूत पू साठून गळू होतं. वर्षानुवर्षं वाहणारा कान हे त्याचं एक ओळखीचं कारण आहे. ‘कान वाहतोय, मोठा झाला की थांबेल’ असं म्हणून आपण ज्याच्याकडे काणाडोळा करतो, त्या कानातला संसर्ग हाड पोखरून आत जाऊ शकतो. मणक्यातही क्षय होतो किंवा मज्जारज्जूजवळ पू साठतो. पाठदुखी आठवडेच्या आठवडे हटत नाही, सोबत ताप आहे, पाय जड पडू लागलेत, लघवीवरचा ताबा जातोय, तर ते मालिश करून घेण्याचं दुखणं नव्हे.

कवटी हाडाची असते, तिला ताण देऊन मोठी करता येत नाही. आत सूज आली की दाब वाढतो, आणि तो दाब मेंदूवरच पडतो. डोकं असह्य दुखणं, उलट्या, उजेड सहन न होणं, मान पुढे वाकवता न येणं, गुंगी, बरळणं, आकडी ही सगळी लक्षणं त्यातूनच येतात. ती सगळी एकदम दिसतील याची वाट पाहायची नसते. ताप आणि त्यासोबत शुद्धीत, बोलण्यात किंवा वागण्यात फरक, एवढं दिसलं तरी निघायला पुरेसं आहे. तान्ह्या बाळाची मान तर अनेकदा ताठ होतच नाही. बाळ दूध ओढत नाही, अंग ढिलं पडतं, उचलून घेतलं तरी किरकिरतं, रडण्याचा सूर बदलतो, टाळू फुगलेली दिसते. नवजात बाळाला तर ताप येण्याऐवजी अंग गारही पडू शकतं.

मेनिंजायटिस एकाच जंतूने होत नाही. विषाणूंमुळे होणारा बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. जीवाणूंमुळे होणारा मात्र तासांच्या हिशोबाने वाढतो. सकाळी तापाने पडलेला माणूस दुसऱ्या सकाळपर्यंत दगावू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जीवाणूजन्य मेनिंजायटिस झालेल्या साधारण सहापैकी एकाचा मृत्यू होतो आणि पाचपैकी एकाला पुढे गंभीर त्रास राहतात. यातला मेनिंगोकोकस हा जंतू रक्तातही पसरतो आणि अंगावर लालसर-जांभळे ठिपके उठतात. काचेचा पेला त्यावर दाबला तरी ते फिके पडत नाहीत. सावळ्या कातडीवर ते पटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय आणि पापण्यांची आतली बाजू पाहावी. ठिपके नाहीत म्हणून निश्चिंत मात्र होऊ नये.

आपल्या देशात आणखी एका प्रकाराकडे जास्त लक्ष द्यायला हवं: क्षयाचा मेनिंजायटिस. तो तासांत नाही, आठवड्यांत वाढतो, आणि इथेच आपली फसगत होते. बारीक ताप, डोकेदुखी, भूक मंदावणं, वजन उतरणं, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणं. मग एक दिवस मुलगी असंबद्ध बोलू लागते, डोळे तिरळे दिसतात, ओळखीची माणसं ओळखत नाही. घरात कुणीतरी म्हणतं, ‘हवा लागली.’ दुसरं कुणी आसेब म्हणतं, तिसरं आमिलबाबाचा पत्ता देतं. तावीज येतो, दर्ग्यावर हजेरी लागते. लग्नाची मुलगी असेल तर बातमी बाहेर फुटू नये म्हणून दवाखानाच टाळला जातो. मेंदूवरचा दाब मात्र कुणासाठी थांबत नाही. या आजारात उपचार गुंगी येण्याआधी सुरू झाले तर माणूस बरा होण्याची शक्यता बरीच जास्त असते. बेशुद्धीनंतर सुरू झाले तर जीव वाचला तरी हातपाय, दृष्टी किंवा स्मरणशक्ती जाऊ शकते.

मी कुणाच्या श्रद्धेवर हात उगारत नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून दुआ करणं ही आपली रीत आहे आणि ती दवाखान्याच्या वाटेवर रिक्षातही करता येते. उपचार घ्या, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे, हे कोणत्याही आलिमला विचारा, तो मान्य करील. आक्षेप आहे तो दुआच्या नावाखाली रुग्णाला तास न् तास आणि दिवसेंदिवस अडकवून ठेवणाऱ्या धंद्यावर. आकडी आलेल्या मुलाच्या नाकाशी कांदा-चप्पल धरणारे आणि ‘जिन उतरवायला’ त्याला मारणारे यांना आपण समाज म्हणून ठाम नकार दिला पाहिजे.

दवाखान्यात पोचल्यावरही एक अडसर उरतो. डॉक्टर म्हणतात, ‘पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल, इथे सही करा.’ आणि घरचे हादरतात. ‘पाठीत सुई टोचली की माणूस लुळा होतो’ ही समजूत सगळ्याच समाजांत घट्ट आहे. कितीतरी कुटुंबं इथेच सही नाकारतात, कुणी तर रुग्णाला उचलून दुसरीकडे नेतात आणि आणखी अर्धा दिवस जातो. म्हणून ही गोष्ट नीट समजून घ्या. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, साधारण तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या मधल्या फटीत घालतात. तिथे मज्जारज्जू नसतोच, फक्त पाण्यात तरंगणाऱ्या नसा असतात. जर्मन डॉक्टर हाइनरिख क्विंके यांनी १८९१मध्ये ही पद्धत रूढ केली आणि आज जगभर ती नेहमीची तपासणी आहे. काही दिवस डोकं किंवा कंबर दुखू शकते. नंतर कुणाला लकवा झालाच, तर बहुतेक वेळा त्यामागे आजार असतो, पण दोष सुईला मिळतो. मेंदूवर फार दाब असल्याची शंका असली तर डॉक्टर आधी स्कॅन करतात, आणि तोवर औषधं सुरू करतात. त्या थोड्याशा पाण्यात पेशी किती, साखर किती, प्रथिनं किती, जंतू कोणता हे कळतं. जंतू कोणता हे न कळता औषध देणं म्हणजे अंधारात काठी मारणं.

तेव्हा सही नाकारण्याऐवजी प्रश्न विचारा. पाणी काढण्यात अडचण आहे का? अँटिबायोटिक सुरू केलं का? पाण्याची क्षयासाठी तपासणी केली का? हे विचारणं तुमचा हक्क आहे. टोपी, बुरखा किंवा भाषा पाहून कुणी तुटक उत्तर दिलं तर शांतपणे पुन्हा विचारा. गरज पडली तर वरिष्ठ डॉक्टरांना भेटू द्या म्हणा. रुग्णालयात होणारी अवहेलना खरी आहे आणि तिच्याविरुद्ध आपण बोलत राहू. पण त्या रागापोटी आजारी माणसाला घरी परत आणू नका. त्याची किंमत तोच मोजतो.

आता उमरावाल्या प्रश्नाकडे येतो. मेनिंगोकोकस घशात राहतो. ज्यांना काहीच होत नाही अशा अनेकांच्या घशात तो असतो आणि खोकला, थुंकी, जवळचा सहवास यांतून दुसऱ्याकडे जातो. लाखो माणसं एका जागी, एका तंबूत, एका बसमध्ये येतात तेव्हा त्याला रान मोकळं मिळतं. १९८७च्या हजमध्ये या जंतूच्या ‘ए’ प्रकाराची साथ आली आणि हाजींबरोबर ती देशोदेशी गेली. त्यानंतर सौदी अरेबियाने लस सक्तीची केली. पण त्या वेळच्या लशीत सगळे प्रकार नव्हते. २०००च्या हजमध्ये ‘डब्ल्यू’ प्रकार उसळला. हाजी आणि त्यांच्या घरची माणसं मिळून चारशेहून अधिक लोक वेगवेगळ्या देशांत आजारी पडले. २००१मध्ये पुन्हा तेच घडलं. मग २००२पासून ए, सी, वाय आणि डब्ल्यू अशा चारही प्रकारांची लस बंधनकारक झाली आणि हजशी जोडलेल्या अशा मोठ्या साथी थांबल्या.

यातली एक बाब मनाला लावून घेण्यासारखी आहे. आजारी पडलेल्यांत हजला न गेलेली माणसंही होती. हाजी धडधाकट परत आला, लोक गळाभेटीला आले, घरातल्या लहानग्याने आजोबांच्या कपातून झमझमचा घोट घेतला, आणि जंतू त्या घरात शिरला. लस फक्त स्वतःसाठी नसते, ती परतीच्या गळाभेटीसाठीही असते.

ही जुनी गोष्टही नव्हे. २०२४च्या एप्रिल-मेमध्ये उमराशी संबंधित १२ रुग्ण अमेरिका, फ्रान्स आणि ब्रिटन या तीन देशांत नोंदले गेले. त्यातले दोघे स्वतः सौदीला गेलेच नव्हते, ते प्रवाशांच्या सहवासातले होते. ज्या नऊ जणांच्या लसीकरणाची माहिती मिळाली, त्यांपैकी एकानेही लस घेतलेली नव्हती.

हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना शिबिरात लस मिळते. उमरा मात्र खासगी टूरवर होतो, वर्षभर चालतो, आठ-दहा दिवसांत निघायचं ठरतं आणि नेमकी इथेच फट राहते. नियम असा आहे: सौदीत पोचण्याच्या किमान १० दिवस आधी लस घेतलेली असावी. लशीच्या प्रकाराप्रमाणे ती ३ किंवा ५ वर्षं ग्राह्य धरतात. दहा दिवस का? शरीराला संरक्षण उभं करायला वेळ लागतो म्हणून. विमानतळावर कुणी कागद पाहिला नाही याचा अर्थ जंतूही पाहणार नाही असा नाही. सुई न घेता सर्टिफिकेट मिळवणं हा खोटेपणा आहे. इबादतीच्या प्रवासाची सुरुवात खोट्या कागदाने करायची का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं.

‘लस हलाल आहे का?’ हाही प्रश्न येतो. तो विचारण्यात काही चूक नाही, कुजबुजत ठेवण्यात आहे. २०१०मध्ये इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने हाच प्रश्न उघडपणे हाताळला. बाजारातल्या मेनिंजायटिसच्या लशी तपासल्या, एक नाकारली, दोन मान्य केल्या. आपल्या हाजींचं लसीकरण त्यासाठी थांबवलं नाही. शंका असेल तर डॉक्टरांना लशीचं नाव विचारा, त्यातले घटक वाचा, आणि मग निर्णय घ्या. व्हॉट्सअॅपवरचा आवाज हा फतवा नसतो.

या गोष्टीचा एक धागा आपल्या पुण्यातून जातो. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्याला ‘मेनिंजायटिस पट्टा’ म्हणतात. तिथल्या मोठ्या भागात मुस्लिम वस्ती आहे. कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत तिथे साथी येत. १९९६-९७च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि २५ हजारांवर दगावले. श्रीमंत देशांतल्या कंपन्यांना गरिबांसाठी स्वस्त लस करण्यात रस नव्हता. तेव्हा जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ या संस्थेच्या प्रकल्पात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘ए’ प्रकाराची लस बनवली. किंमत अर्ध्या डॉलरपेक्षा कमी. डिसेंबर २०१०मध्ये बुर्किना फासोतून मोहीम सुरू झाली, पुढे ३० कोटींहून अधिक लोकांना ही लस मिळाली आणि त्या पट्ट्यातून ‘ए’ प्रकार जवळपास नाहीसा झाला. बाकीचे प्रकार उरले होते, म्हणून पाच प्रकारांवर चालणारी नवी लसही पुण्यातच तयार झाली आणि २०२४मध्ये ती सर्वप्रथम नायजेरियाने वापरात आणली. मालीतली, नायजरमधली आई जी लस मिळावी म्हणून उन्हात रांग लावते, ती आपल्या जिल्ह्यातून जाते. आणि आपण सुई टाळायची वाट शोधतो.

लहान मुलांचं लसीकरण तर याहून महत्त्वाचं. सरकारी वेळापत्रकात मेनिंजायटिसचं नाव वेगळं दिसत नाही, पण संरक्षण तिथे आहे. जन्मल्यावर दिली जाणारी बीसीजी लहान मुलांना क्षयाच्या मेनिंजायटिसपासून वाचवते. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातल्या पेंटाव्हॅलंटमध्ये हिब या जंतूवरची लस असते. न्यूमोकोकसवरची पीसीव्ही सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात आणि मग नवव्या महिन्यात देतात. गोवर-रुबेलाची लसही इथेच मोजा, कारण गोवर मेंदूपर्यंत जाऊ शकतो. हे सगळं सरकारी केंद्रात मोफत आहे.

२०२२च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथे गोवर पसरला, मुलं दगावली. तेव्हा सगळा दोष ‘त्यांच्या अज्ञानावर’ टाकून बरेच जण मोकळे झाले. दाट वस्ती, कुपोषण, कोविडच्या काळात चुकलेले डोस, अपुरी आरोग्य केंद्रं ही कारणं होती आणि त्यांचा जाब महापालिकेला विचारलाच पाहिजे. पण काही घरांनी दारात आलेल्या आशाताईंना परत पाठवलं, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी एका दमात बोलण्याची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल. नाहीतर आपण एक तर स्वतःला शिव्या देत बसतो, नाहीतर सरकारला.

आजारातून वाचलेल्यांविषयी आपण फारसं बोलत नाही. मेनिंजायटिसनंतर ऐकू येणं कमी होऊ शकतं. मूल हाक मारल्यावर वळत नाही, शाळेत मागे पडतं आणि त्याला ‘मठ्ठ’ ठरवलं जातं. म्हणून बरं झाल्यावर महिन्याभरात श्रवणचाचणी करून घ्या. या आजारानंतर आतल्या कानात हाड वाढू शकतं, त्यामुळे कॉक्लियर इम्प्लांट लागणार असेल तर उशीर परवडत नाही. क्षयाच्या मेनिंजायटिसचं औषध साधारण वर्षभर चालतं. ते सरकारकडून मोफत मिळतं आणि क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा १,००० रुपयेही मिळतात. दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडणं हे आजाराला परत बोलावणं आहे.

मग आपण करायचं काय? घरातल्या घरात आधी ठरवा की तापासोबत गुंगी, आकडी, ताठ मान किंवा असह्य डोकेदुखी दिसली तर कुणाच्या परवानगीची वाट पाहायची नाही. सून असो, मुलगी असो, रात्र असो, १०८ला फोन करायचा. गल्लीतल्या दवाखान्यातून दोन दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून ‘बघू’ म्हणायचं नाही, अर्धवट औषधाने आजार झाकला जातो. घरात कुणाला मेनिंगोकोकसचा मेनिंजायटिस झाला तर जवळच्या सगळ्यांना प्रतिबंधक औषध लागतं, ते डॉक्टरांकडे स्वतःहून मागायचं.

मोहल्ल्यात आणखी थोडं करता येईल. उमरा टूरवाल्यांना सांगा की पैसे भरतानाच लशीची तारीख ठरवा, निघण्याच्या आदल्या आठवड्यात नव्हे. इमामसाहेबांना भेटून जुम्याच्या बयानात यावर पाच मिनिटं मागा. मी पाहिलंय की नीट समजावलं तर ते बहुधा नाही म्हणत नाहीत. मदरसा आणि वसतिगृह चालवणाऱ्यांशी बोला: एका खोलीत किती मुलं झोपतात, खिडकी उघडते का, आजारी मुलाला वेगळं ठेवायची सोय आहे का, लसीकरणाचं कार्ड पाहिलं का? हे प्रश्न ऐकून कुणी रागावलं तरी विचारा. ती मुलं आपल्याच नातेवाइकांची आहेत. आणि नगरसेवकाकडे रस्त्या-गटाराइतक्याच हक्काने मागा की आमच्या वस्तीच्या आरोग्य केंद्रात लस रोज मिळाली पाहिजे.

‘सुई न घेता सर्टिफिकेट मिळेल का’ या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असंच असतं. पुढे मी फोन करणाऱ्याला विचारतो, निघायची तारीख कोणती? दहा दिवसांहून जास्त उरले असतील तर वेळ आहे. कमी असतील तर तारीख पुढे ढकला. काबा तिथेच राहणार आहे.